खाऱ्या पाण्याचा पेला

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. मिरजेत त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. मुलाला बाहेरगावी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि तो वसतिगृहात राहणार होता. त्यांच्या घरातून वसतिगृहात जाणारा हा पहिलाच मुलगा. पेढे दिले, चहा झाला. उठता उठता त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "सर, वो सीनियर लोगां का थोडा भोत तो होताइच है ना? आप भी हॉस्टेल में थे. छोकरे कू क्या बोलूँ?"

मी त्यांना सांगितले, की चार-आठ दिवसांचा खेळ असतो. गप राहायचे, हसून घ्यायचे, पुढे तेच लोक दोस्त होतात.

ते समाधानाने गेले. मला मात्र दिवसभर चैन पडेना. मी दिलेले उत्तर माझे नव्हतेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका सीनियरने मला दिलेले उत्तर मी जसेच्या तसे पुढे सरकवले होते.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला वसतिगृहात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात रात्री एक वाजता आम्हा नव्यांना उठवले गेले. "उर्दूवाला आहेस ना, मग कव्वाली म्हण," असे मला फर्मान निघाले. मी बादली उलटी करून वाजवली आणि कव्वाली म्हटली. सगळे हसले, मीही हसलो. माझे तेवढ्यावर निभावले. दुसऱ्या वर्षी मी खाटेवर बसणाऱ्यांत होतो. नव्यांमध्ये एक किडकिडीत, तोतरा मुलगा होता. त्याला मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे ही कल्पना माझी होती. आठ दिवसांत तो ट्रंक उचलून गावी निघून गेला. पुढे मी बी.एड. केले, शिक्षक झालो. आज मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. दरवर्षी वर्गात एखादे तरी अडखळत वाचणारे मूल असते आणि त्याची पाळी आली की मला तो मुलगा आठवतो.

म्हणून त्या रविवारनंतर ठरवले, की हा प्रकार आला कुठून हे नीट वाचून पाहायचे. नव्या माणसाला आपल्यात घेताना त्याला आधी खाली पाडावे असे माणसांना का वाटते? आणि सगळीकडे, सगळ्या काळात असेच होते का? जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दीड हजार वर्षांची बंदी

हा प्रकार आजचा नाही, हे आधी सांगायला हवे. चौथ्या शतकात अथेन्स हे विद्येचे मोठे केंद्र होते. तिथे शिकलेले ख्रिस्ती धर्मगुरू ग्रेगरी यांनी आपले मित्र बासिल यांच्या निधनानंतरच्या भाषणात या रिवाजाचे वर्णन केले आहे. नवा विद्यार्थी आला की जुने त्याला घेरत, वाद घालून त्याची टिंगल करत. मग बाजारातून मिरवणूक काढून त्याला हमामाकडे नेत. दाराशी पोचताच ओरडाआरडा, दारावर धडका, नवा घाबरून जाईल असा सगळा थाट. स्नान झाले की तो त्यांच्यातला. बासिल यांच्या गंभीर स्वभावामुळे ग्रेगरी यांनी रदबदली केली आणि त्यांची यातून सुटका झाली.

पुढे इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या शिक्षणाची नवी घडी बसवली. बैरुत हे तेव्हा कायदा शिकण्याचे नामांकित ठिकाण होते. जस्टिनियनच्या फर्मानात अभ्यासक्रमाबरोबर एक ताकीदही आहे : नव्या विद्यार्थ्यांशी कोणी हीन आणि घातक खेळ करू नयेत. म्हणजे रॅगिंगविरुद्धचा सरकारी हुकूम जवळजवळ १५०० वर्षांचा आहे.

युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याला 'पिवळ्या चोचीचा' म्हणत, म्हणजे अंड्यातून नुकते बाहेर आलेले पिल्लू. त्याच्याकडून जेवणावळीसाठी पैसे उकळत. पॅरिस विद्यापीठाने १३४० मध्ये या वसुलीवर बंदी घातली. तरीही १४८१ च्या सुमारास जर्मनीत छापलेल्या, विद्यार्थ्यांसाठीच्या एका लॅटिन पुस्तकात हा विधी सविस्तर आलेला आहे. खोलीत शिरताच जुने विद्यार्थी नाक दाबतात, इथे कसली घाण येते म्हणतात. नवा हा शिंगे आणि सुळे असलेला पशू आहे असे ठरते. करवतीने शिंगे कापण्याचे, चिमट्याने दात उपटण्याचे सोंग होते, खोटा पापकबुलीचा विधी होतो आणि शेवटी सर्वांच्या जेवणाचा खर्च त्याच्याच माथी पडतो. मग तो पशूचा माणूस होतो.

त्या सोंगामागची समजूत उघड आहे. बाहेरचा तो जनावर आणि आमच्यात आला तो माणूस. त्याला माणूस करण्याचा हक्क आमचा.

इंग्लंडच्या ईटन, रग्बी यांसारख्या निवासी शाळांत लहान मुलांनी मोठ्या मुलांची चाकरी करण्याची पद्धत होती. बूट पुसायचे, चहा करायचा, निरोप पोचवायचे. अमेरिकेत १९०१ मध्ये तिथल्या काँग्रेसने वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या छळाची चौकशी केली. पुढे जनरल म्हणून गाजलेले डग्लस मॅकआर्थर तेव्हा तिथे कॅडेट होते आणि त्यांना साक्षीसाठी बोलावले गेले. आपल्याकडे हा प्रकार इंग्रजी अमदानीतल्या निवासी शिक्षणाबरोबर रुजला असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

बगदादचा पेला

आता दुसरी बाजू. नव्याला आत घेण्याचा प्रश्न आपल्या इतिहासातही होता आणि त्याचे एक उत्तर 'फुतुव्वा' या नावाने मिळाले.

'फता' म्हणजे तरुण. कुरआनात हा शब्द हजरत इब्राहीम यांच्यासाठी सूरह अंबियात आला आहे आणि सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांसाठी त्याचेच अनेकवचन आले आहे. फुतुव्वा म्हणजे तरुणाची मर्दानगी. पण मर्दानगी म्हणजे दांडगाई नव्हे. दिलदारी, पाहुणचार, दिलेला शब्द पाळणे, साथीदाराचा दोष झाकणे असा तिचा अर्थ. हजरत अली हे तिचे आदर्श मानले जात.

सुरुवातीचे चित्र मात्र इतके सुंदर नव्हते. बगदादमध्ये दहाव्या ते बाराव्या शतकात 'अय्यार' म्हणवणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या. त्याही फुतुव्वाचेच नाव घेत. त्या मारामाऱ्या करत, दुकानदारांकडून संरक्षणाच्या नावाखाली पैसे घेत. खलिफा अन-नासिर (कारकीर्द ११८०–१२२५) याने या टोळ्या नुसत्या चिरडण्याऐवजी वेगळीच चाल केली. ११८२ मध्ये त्याने स्वतः एका शेखकडून फुतुव्वाची दीक्षा घेतली आणि पुढे तो सगळ्या संघटनेचा प्रमुख झाला. प्रसिद्ध सूफी शेख शिहाबुद्दीन उमर सुहरावर्दी यात त्याच्या बाजूने होते. अनेक मुस्लिम राजांनी खलिफाच्या नावाने ही दीक्षा घेतली.

दीक्षेचा विधी असा : कमरेला पट्टा बांधायचा, एक खास विजार घालायला द्यायची आणि मीठ घातलेल्या पाण्याचा पेला प्यायला द्यायचा. खारे पाणी चवीला काही चांगले लागत नाही, पण त्यात खिजवणे नाही. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार आपण मराठीत रोज वापरतो, उर्दूत नमकहलाल म्हणतो. त्या पेल्यामागची भावना आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पुढचे. या व्यवस्थेत आत घेणाऱ्याला 'कबीर' म्हणजे थोरला आणि आत येणाऱ्याला 'सगीर' म्हणजे धाकटा म्हणत. हे नाते विधीपुरते नव्हते. धाकट्याच्या वागण्याची झळ थोरल्यापर्यंत पोचत असे. संघटनेतल्या मारामाऱ्या वाढल्या तेव्हा १२०७ मध्ये खलिफाने फर्मान काढले. त्याचा सारांश असा, की जो निरपराध माणसाचा जीव घेईल तो फुतुव्वाच्या बाहेर. त्याला शरियतप्रमाणे शिक्षा होईल आणि जो साथीदार त्याला आसरा देईल तोही बाहेर. 'आपला मुलगा आहे, सांभाळून घ्या' या सबबीला तिथे जागा नव्हती. आजच्या किती वसतिगृहांत ही सबब चालते हे आपण जाणतो.

मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले, पण फुतुव्वा अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कारागिरांच्या बिरादरीच्या रूपात टिकली. त्यांच्या म्होरक्याला 'अखी' म्हणत. पुढे दिल्लीत काझी झालेला आणि आपल्या दौलताबादेलाही येऊन गेलेला इब्न बतूता १३३० च्या सुमारास अंतालियाला पोचला. तिथे जुनेर कपड्यातला एक माणूस त्याला जेवायचे आमंत्रण द्यायला आला. हा गरीब, याला कशाला खर्चात पाडावे, असे इब्न बतूताला वाटले. त्याचा यजमान हसला आणि म्हणाला, हा चामडे शिवणारा कारागीर सुमारे २०० तरुणांचा अखी आहे. हे तरुण दिवसभर आपापला धंदा करत, मिळकत आणून अखीकडे देत, त्यातून सगळ्यांचे जेवण होई आणि आलेल्या परक्या माणसाचीही सोय लागे.

पुढच्या एका गावात तर गंमतच झाली. दोन टोळकी सुरे काढून त्याच्या घोड्याला आडवी झाली. आपल्याला लुटणार म्हणून तो घाबरला. नंतर कळले, की पाहुणा कोणाकडे उतरणार यावरून भांडण होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

नव्या, परक्या माणसाला पाहून तरुणांचे टोळके पुढे सरसावते, हे अथेन्सलाही झाले आणि अनातोलियातही. एकाने त्याला मिरवून हसे केले, दुसऱ्याने जेवू घालण्यासाठी सुरे काढले.

पण आपल्या पूर्वजांचे गोडवे गाऊन थांबणे बरोबर नाही. अनातोलियातल्या काही फुतुव्वतनाम्यांत कोणाला आत घेऊ नये याच्याही याद्या आहेत. त्यांत कर वसूल करणारे आणि साठेबाज आहेत, पण खाटीक, विणकर आणि हमामात अंग चोळणारेही आहेत. एक चामडे शिवणारा अखी होऊ शकतो आणि एक विणकर दारातही येऊ शकत नाही, हे एकाच परंपरेत आहे. मोमीन आणि खाटीक बिरादरीचे वाचक हे वाचतील तेव्हा त्यांना यात नवे काही वाटणार नाही. समतेचा धर्म मानणाऱ्यांनीही दारावर पहारेकरी बसवले होते आणि ते अजून पुरते उठलेले नाहीत.

मिरजेचा गंडा

आता घराजवळ येतो. आमच्या मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला दरवर्षी संगीत सभा होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ ती भरते. कैरान्याहून आलेले खाँसाहेब मिरजेचे झाले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हेही त्यांचे शिष्य. त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले.

उस्तादाने शागीर्दाला घराण्यात घेण्याचा विधी म्हणजे गंडाबंधन. चार जाणत्या माणसांसमोर उस्ताद शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, गूळ-चणे खायला घालतो, शिष्य आपल्या ऐपतीप्रमाणे नजराणा देतो. अल्लादिया खाँ यांनी १९२१ मध्ये केसरबाई केरकरांना गंडा बांधला. गोव्यातल्या केरीची मुलगी आणि जयपूर-अत्रौलीचे खाँसाहेब. त्या धाग्याने धर्म, प्रांत, बाई-पुरुष सगळे ओलांडले.

गंड्याला साक्षीदार का लागतात, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. शिष्याने उद्या दुसरीकडे जाऊ नये म्हणून, हे एक कारण. पण आज उस्तादाने जबाबदारी घेतली, उद्या 'मी शिकवणार नाही' म्हणता येणार नाही, हेही साक्षीदारांनी पाहिलेले असते. धागा शिष्याच्या मनगटावर असतो आणि त्याचे बंधन उस्तादावरही असते.

इथेही सगळे गोड नव्हते. वर्षानुवर्षे पाणी भरायला लावणारे, हुक्का भरून घेणारे, खास चिजा फक्त मुलांसाठी आणि जावयांसाठी राखून ठेवणारे उस्ताद होऊन गेले. मार खाल्लेल्या शागीर्दांच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात, त्या मला आता कौतुकाने ऐकवत नाहीत. तरीही एक गोष्ट राहते. मारणाऱ्या उस्तादावरही शिकवण्याचे ओझे होते. रॅगिंग करणाऱ्या सीनियरवर कसले ओझे असते?

आमच्या घरांतला सर्वांत साधा प्रवेशविधी तर प्रत्येकाला ठाऊक आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाखानी होते. नवे कपडे, मिठाई आणि मांडीवर बसवून मौलवीसाहेब किंवा आजोबा पहिले अक्षर म्हणून घेतात. विद्येच्या दारातून आत जाणाऱ्या नव्याला मांडी मिळते. त्याच मुलाला पंधरा वर्षांनी आपण सांगतो, हॉस्टेलमध्ये थोडे सहन कर.

'तेच दोस्त होतात'

रॅगिंगच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि मीही तो केला : यातून दोस्ती होते, माणूस घट्ट होतो. १९५९ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासले. काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घ्यायचे होते. काहींना प्रवेशासाठी फार लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य आणि काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना त्या गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिला सर्वांत जास्त लाजवले होते, तिला ती कंटाळवाणी चर्चा सर्वांत जास्त आवडली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. लाज गिळून आपण ज्या गटात शिरलो तो गट फालतू होता हे कबूल करणे जड जाते, म्हणून माणूस त्याला थोर ठरवतो. माझ्या बादलीवरच्या कव्वालीचे मी इतकी वर्षे हेच केले. आणि तिला थोर ठरवण्यासाठी दुसऱ्या वर्षी मला एक तोतरा मुलगा लागला.

जी दोस्ती झाली ती रॅगिंगमुळे झाली नाही. एका छताखाली तीन वर्षे राहिल्यावर, एकमेकांच्या तापात पॅरासिटामॉल आणून दिल्यावर, एकाच डब्यात जेवल्यावर दोस्ती होणारच होती. जो आठव्या दिवशी निघून गेला त्याची दोस्ती कोणाशी झाली, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

कायदा आणि त्यापलीकडे

१९९६ मध्ये तामिळनाडूत पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमधून खून झाला आणि १९९७ मध्ये तिथे कायदा आला. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. ती टाळली तर त्यालाही गुन्ह्याला साथ देणारा धरले जाते. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी त्या खलिफाने घातलेली अट आपल्याही कायद्यात आहे. २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा येथे अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा जीव गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, देशभरासाठी मदतीचा फोन क्रमांक आला.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगावची, तडवी भिल्ल समाजाची, मुस्लिम आदिवासी घरातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तीन वरिष्ठ डॉक्टर सहकाऱ्यांनी जातीवरून छळले असा कुटुंबाचा आरोप आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार न्यायालयाचा. मला एवढेच म्हणायचे आहे, की नव्याला त्याची जागा दाखवायची हा रॅगिंगचा हेतू असतो आणि आपल्या समाजात काही माणसांची जागा जन्माआधीच ठरवून ठेवलेली असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की 'थोडा भोत' म्हणजे किती, हे कोणी सांगू शकत नाही.

जस्टिनियनपासून आजवर नुसत्या बंदीने हा प्रकार संपला नाही. बंदी हवीच, पण रिकामी जागा भरायलाही हवी. नव्याला आत यायचेच असते; कोणीतरी आपल्याला आपले म्हणावे यासाठी तो काहीही सोसायला तयार असतो. ती गरज खोटी नाही. म्हणून प्रत्येक नव्यामागे एक थोरला नेमावा, चार लोकांसमोर नेमावा आणि नव्याचे काही वाईट झाले तर आधी त्या थोरल्याला विचारावे. आमच्या शाळेत पाचवीत येणाऱ्या मुलांसाठी नववीच्या मुलांचे असे काही करता येईल का, हे मी यंदा मुख्याध्यापकांपुढे ठेवले आहे.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मी त्या दुकानात गेलो. वडील मशीनवर होते, मुलगा गादीच्या खोळीला बटणे लावत होता. मी दोघांना सांगितले, की त्या दिवशी मी चुकीचे बोललो. कोणी उठवले, काही करायला लावले, तर हसून घ्यायचे नाही. घरी सांगायचे, मला सांगायचे, कॉलेजात लेखी द्यायचे. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर टाकून घेतला. मग म्हणालो, पुढच्या वर्षी तू सीनियर होशील, तेव्हाचेही आत्ताच ठरवून ठेव. आणि त्याला त्या तोतऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्याने विचारले, "सर, उनका नाम क्या था?"

मला नाव आठवेना. आम्ही त्याला ठेवलेले टोपणनाव तेवढे आठवत होते आणि ते मी त्या पोरासमोर उच्चारू शकलो नाही.